चढवलेली लय

लाँड्रीच्या वार्षिक पुस्तिकेत यंदा आत्याचा जुना, कामावर असतानाचा फोटो छापून आला आहे. हातात घडी घातलेली चादर, चेहऱ्यावर कुणीतरी 'हसा' म्हटल्यावर येतं तसलं हसू. खाली लिहिलंय, 'कामगारांच्या आनंदासाठी व्यवस्थापनाने सुरू केलेल्या संगीताचा लाभ घेताना आमच्या निवृत्त सहकारी.' मी ते वाचलं आणि पुस्तिका भिंतीवर भिरकावली. मग उचलून आणली, पुन्हा वाचली, पुन्हा भिरकावली. तिथलं संगीत व्यवस्थापनाने सुरू केलेलं नव्हतं. ते आत्याने सुरू केलं होतं. व्यवस्थापनाने पुढे त्याचं काय केलं, हे कुणीतरी सरळ सांगायला हवं. बाकी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारलेलं तिला खपत नाही. एकोणिसाव्या वर्षी ती इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत लागली. मी सांगतेय त्या वेळी तिला तिथे चौतीस वर्षं झाली होती, सगळी रोलरवर. रोलर म्हणजे खोलीएवढं इस्त्रीचं यंत्र. पोटात वाफेने तापलेले लांबच लांब दंडगोल. एका बाजूने दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती आत सोडायची, दुसऱ्या बाजूला दोघींनी ती बाहेर येताच झेलून घडी घालायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पिळून निघालेल्या चादरी ट्रॉलीत एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की त्यातून नेमकं टोक हाताला लागणं हीच एक कला. आत्या न बघता टोक काढायची. तिच्या समोरच्या टोकाला एक उंच, काटकुळी बाई असायची, तिला सगळ्या पेन्सिल म्हणायच्या. बावीस वर्षं त्या दोघींनी एकाच चादरीची दोन टोकं धरली. मला वाटतं, नवराबायकोसुद्धा इतका वेळ समोरासमोर उभे राहत नसतील.

आत्याचा कान तिखट. पिळणीच्या यंत्राचं बेअरिंग जाणार हे ती फिटरला दोन दिवस आधी सांगायची. फिटर पहिल्या दिवशी हसायचा आणि तिसऱ्या दिवशी पाना घेऊन यायचा. घरात मात्र या कानाची कुणाला किंमत नव्हती. कारण घरातला कानवाला माणूस म्हणजे बाबा. ते पुढच्या खोलीत गाण्याच्या शिकवण्या घ्यायचे. शिकवणी चालू असताना आत्याने मागच्या खोलीत भांडं जरी आपटलं तरी ते डोळे मिटून, फार यातना होत असल्यासारखा चेहरा करायचे.

त्या रविवारी सकाळी बाबा बाहेर गेले होते. मी खिडक्या पुसत होते आणि फोनवर एक अल्बम लावला होता. नाचायची गाणी, सगळी यंत्रावर केलेली. गाणारी मुलगी कुठल्या तरी लांबच्या देशातली, भाषा आम्हाला कळत नव्हती. मुखपृष्ठ नुसतं निळं. आत्या केर काढत होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की केरसुणीचा आवाज थांबलाय. वळून बघितलं तर ती तशीच वाकून उभी.

"काय गं? कमरेत भरलं का?"

"गप्प बस जरा," ती म्हणाली.

ते गाणं संपल्यावर ती सरळ झाली आणि म्हणाली, "पहिल्यापासून लाव."

नऊ गाणी, चाळीस मिनिटं. तिने स्टुलावर बसून ऐकायला सुरुवात केली आणि तिसऱ्या गाण्याला ती उभी होती. त्या तिसऱ्या गाण्यात एका जागी सगळंच थांबतं. ठोका, आवाज, सगळं. आपला पाय हवेत राहतो. दीड-दोन क्षण काहीच नाही, आणि मग तो जाड ठोका पुन्हा जमिनीतून वर येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा आत्या खळखळून हसली. मी तिला तसं हसताना पाहिलंच नव्हतं. सहावं गाणं दुःखी आहे, हे शब्द न कळताही कळतं. ते ऐकून ती म्हणाली, "बघ, पोरीला काहीतरी फार लागलंय. पण पाय थांबवले नाहीत तिने."

बाबा परतले तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचत होतो. आत्याचं नाचणं म्हणजे खांदे आणि मनगटं. पाय जागचे फार हलत नव्हते. बाबा दारातच थबकले.

"ताई, हे काय चाललंय?"

"ऐक ना, छान आहे."

"यात गाणं कुठे आहे? यंत्र बडवतंय आणि एक पोरगी वर कुजबुजतेय. याला ना राग ना रंग. माणसाचा हातच लागलेला नाही कशाला."

आत्या त्यांच्याकडे वळली. तिला राग आला की ती हळू बोलते. "मी चौतीस वर्षं यंत्राशेजारी उभी आहे. दिवसभर तेच ऐकते, धडधड, धडधड. तुझ्या गाण्यात ते कधी आलं नाही. तुझ्या गाण्यात नदी येते, चंद्र येतो. या पोरीने यंत्राचा आवाज घेतला आणि त्याला नाचता येईल असं केलं. माझ्या अख्ख्या दिवसाला कुणीतरी चाल लावल्यासारखं वाटलं मला. आणि तू म्हणतोस, माणसाचा हात लागला नाही?"

बाबा आत गेले. त्या अल्बमबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, शहाण्या लोकांनी लिहिलेलं. आत्याइतकं नेमकं कुणाला सांगता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझा जुना फोन आणि मुठीएवढा स्पीकर डब्याच्या पिशवीत घालून नेला. रोलरच्या कडेला खिळ्याला अडकवला. तेव्हाच्या मुकादमबाई कडक होत्या, पण त्यांनीही दोन गाणी ऐकली आणि "आवाज जरा बेताचा ठेवा" एवढंच म्हणून गेल्या. आठवड्याभरात चारही रोलरवरच्या बाया अल्बमला 'निळा' म्हणू लागल्या. 'निळा लाव गं.' आठला यंत्र सुरू झालं की निळा सुरू. दहाला चहाची घंटा. तीन वेळा निळा पूर्ण वाजला की घंटा व्हायची, इतकं ते चपखल बसायचं. तिसऱ्या गाण्यातल्या त्या थांब्याला सोळा बाया चादर हवेत धरून थांबायच्या आणि ठोका आला की एकदम झटकायच्या. फाट्ट! आत्या घरी येऊन हे सांगायची तेव्हा तिचे डोळे चमकायचे. पेन्सिलच्या नवऱ्याचं त्याच वर्षी आजारपण निघालं होतं. सहाव्या गाण्याला ती रडून घ्यायची, हात न थांबवता. कुणी तिच्याकडे बघायचं नाही, हे न बोलता ठरलं होतं.

मग नवे मॅनेजर आले. तरुण, हसतमुख, सगळ्यांना नावाने ओळखणारे. पहिल्या आठवड्यात ते रोलरपाशी बराच वेळ उभे राहिले. आत्याला वाटलं, आता स्पीकर काढायला लावणार. ते म्हणाले, "वा मावशी! काय उत्साह आहे! हे सगळ्यांना नीट ऐकू यायला हवं."

महिन्याभरात भिंतींवर चार मोठे स्पीकर लागले. निळा आता ऑफिसातून वाजू लागला. सगळ्यांचे फोन आणि आत्याचा छोटा स्पीकर कपाटात कुलूपबंद झाले. कारण दिलं सुरक्षिततेचं. बायांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने सगळ्यांच्या वतीने पुढे होऊन मॅनेजरांचे आभार मानले. तिच्या मनाला सगळ्यात जास्त हेच लागलंय. अजूनही मधेच म्हणते, "मी आभार मानले गं त्याचे."

पुढचे चार महिने काय झालं ते आम्हाला होत असताना कळलं नाही. आत्या घरी येऊन ताटावरच पेंगायची. उजवा खांदा वर जाईना. डॉक्टरांनी हात फिरवून बघितला आणि विचारलं, "वय किती?" त्रेपन्न ऐकल्यावर ते लिहायलाच लागले. पेन्सिलचं मनगट रोलरच्या कडेला लागून भाजलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं. म्हातारी झाले मी." लाँड्रीतली प्रत्येक बाई आपल्याच शरीराला दोष देत होती. कुणी गोळ्या घेत होती, कुणी पट्टा बांधत होती, आणि सगळ्या एकमेकींना सांगत होत्या की आता पूर्वीसारखं होत नाही.

एका रविवारी मी भाजी चिरताना निळा लावला. आत्या आतून आली आणि तिने माझा फोन उचलून बंद केला.

"नको आता ते. दमायला होतं."

हिला काय झालं असेल या विचाराने मी तिच्याकडे बघत राहिले. ती खुर्चीवर बसली, आणि थोड्या वेळाने कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "परत लाव बरं एकदा. पहिलं."

मी लावलं. तिने हाताने टेबलावर ठोके धरले, आणि तिचा हात गाण्याच्या पुढे गेला. चार ठोक्यांत नाही कळलं, पण अर्ध्या मिनिटात हात आणि गाणं साफ फुटले. तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा पुढे.

पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "ताई, हात पळतोय तुझा."

"पळत नाही."

"पळतोय. मी ऐकतोय ना."

"माझा हात चौतीस वर्षांत पळाला नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाबा उठूनच आले. "तिथे आठवड्याचे सहा दिवस हे ऐकते मी. तिथे हे असं वाजतं." आणि तिने टेबलावर ठोके देऊन दाखवलं. माझ्या फोनवर गाणं आपल्या चालीने चाललं होतं आणि तिचा हात त्याच्या पुढे, एकसारखा, एका लयीत. चुकणारा हात असा चुकत नाही. चुकणारा हात वेडावाकडा चुकतो. हे माझ्याआधी बाबांना कळलं. ते खुर्ची ओढून बसले.

"तिथे आवाज कसा लागतो तिचा? बारीक? चिरका?"

"नाही. आवाज तोच."

"सूर तोच आणि लय चढी." बाबा माझ्याकडे वळले. "असं करता येतं का गं?"

"येतं. कुणालाही येतं. फोनवरसुद्धा."

आत्या एकदम ताठ झाली. "घंटा," ती म्हणाली. "आधी तीन वेळा निळा संपला की चहाची घंटा व्हायची. हल्ली घंटेच्या आधी चौथ्यांदा सुरू होतो. पहिली दोन गाणी होऊन जातात. मला वाटलं, घंटाच उशिरा देतात."

मी कागद घेतला. दोन तासांत दोन गाणी जादा. हिशेब शंभराला आठच्या आसपास आला. रोलरचा वेगही त्याच्याबरोबर, थोडा थोडा, आठवड्या-आठवड्याने चढवलेला असणार. एकदम चढवला असता तर हात अडखळले असते. गाण्याबरोबर चढवला, म्हणून बायांचे हात गाण्यामागे धावत राहिले.

बाबांचा चेहरा लाल झाला होता. ज्या अल्बमला त्यांनी इतके महिने नावं ठेवली त्याच्यासाठी ते आता उभे राहून ओरडत होते. "अरे, कुणी बसून ती लय ठरवली असेल! तिथे थांबायचं, इथे सोडायचं. आणि हा कोण टिकोजी ती गुपचूप चढवणार? चादरी भराभर व्हाव्यात म्हणून?"

"तुला गाण्याचंच पडलंय," आत्या म्हणाली. "पेन्सिलचं मनगट भाजलंय तिकडे." पण तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

सोमवारी ती माझं सेकंदकाट्याचं घड्याळ मनगटाला बांधून गेली. पहिल्या फेरीत तिने प्रत्येक गाणं मोजलं. पेन्सिलला कानात सांगितलं. पेन्सिलने झेलणाऱ्या दोघींना सांगितलं. साडेनऊच्या सुमाराला मॅनेजर कुठल्याशा इस्पितळाच्या पाहुण्यांना लाँड्री दाखवत आले. स्पीकरकडे बोट करून "कामगारांसाठी आम्ही" असं काहीतरी त्यांनी सुरू केलं, आणि आत्याने रोलरच्या डोक्यावरची लाल दोरी ओढली. ती दोरी हात अडकला किंवा आग लागली तर ओढायची. रोलर कण्हत थांबला. पाठोपाठ बाकीच्या तिन्ही रोलरवरच्या दोऱ्या ओढल्या गेल्या. शेडभर नुसता निळा वाजत राहिला. पाचवं गाणं होतं.

"काय झालं? कुणाला लागलं?" मॅनेजर धावत आले.

"सगळ्यांनाच लागलंय," आत्या म्हणाली. "हे गाणं चार मिनिटं बारा सेकंदांचं आहे. तुमच्याकडे ते चार मिनिटांच्या आत संपतं. कसं?"

मॅनेजर हसले. पाहुण्यांकडे बघून हसले. "मावशी, अहो तुमच्याच आवडीचं लावलंय ना?"

"मावशी म्हणू नका मला. नात्याचं माणूस असं करत नाही."

"तुमचा काहीतरी गैरसमज—"

"मग कपाटात ठेवलेला माझा फोन आणा आणि इथे सगळ्यांसमोर वाजवा. माझं घड्याळ आहे, पाहुण्यांचंही असेल."

आवाज खाली आणून मॅनेजर म्हणाले, "आठ टक्के म्हणजे काय हो? कळतसुद्धा नाही."

आत्याने ना आठ म्हटलं होतं, ना टक्के. पेन्सिलने ते बरोबर टिपलं आणि झेलणाऱ्या बाजूपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा, आकडा पाठ आहे!"

"कळत नाही म्हणूनच केलंत," आत्या म्हणाली. "सांगून केलं असतंत तर आम्ही भांडलो असतो. चार महिने माझ्या पोरी स्वतःला म्हाताऱ्या समजताहेत. हिला विचारा, मनगट दाखव गं. ही स्वतःला निष्काळजी म्हणते! आम्ही हौसेने आणलेली गोष्ट होती ही. तुम्ही त्यात हात घातलात."

पाहुणे जमिनीकडे बघत होते. मॅनेजर पाय आपटत ऑफिसात गेले आणि संगीत बंद झालं.

ऐकणाऱ्याला वाटेल, मॅनेजरला शिक्षा झाली असेल. झाली नाही. आत्याला पत्र मिळालं, विनाकारण धोक्याची दोरी ओढल्याबद्दल समज. विनाकारण! ते पत्र वाचून बाबा दोन दिवस शिकवणी घेऊ शकले नाहीत. लाँड्रीत शिस्तीच्या नावाखाली संगीत कायमचं बंद झालं, आणि रोलरचा वेग मात्र चढलेलाच ठेवला.

पण त्या बायांनी एक गोष्ट केली. कुणी ठरवलं नाही, निदान आत्या तरी तसं म्हणते. मंगळवारी आठला यंत्रं सुरू झाली आणि आत्याने घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पायाने ठोका धरला, मूळ लयीत. पेन्सिलने धरला. मग सोळा जणींनी. निळा सगळ्यांच्या अंगात मुरलेला होता, त्याला स्पीकर लागत नव्हता. चादर आत जायची ती त्याच लयीत, घडी पडायची ती त्याच लयीत. रोलर पुढे पळू बघायचा, पण चादर सोडणारे हातच पळत नसतील तर नुसते तापलेले दंडगोल फिरून काय करणार? मधेमधे रिकामे फिरून ते जास्तच तापले आणि बाहेर चादरी करपून पिवळ्या निघायला लागल्या. इस्पितळांच्या तक्रारी आल्या. अकराव्या दिवशी फिटरला बोलावून वेग पूर्वीवर आणला. फिटरने काम संपवून पाना पुसला आणि आत्याला सलाम ठोकून गेला.

मॅनेजर पुढच्या वर्षी गेले. दुसऱ्या, याहून मोठ्या लाँड्रीत, बढतीवर. तिथे ते काय वाजवत असतील देव जाणे. आत्याने आणखी तीन वर्षं काढली आणि निवृत्त झाली. खांदा पूर्ण सुटला नाही तो नाहीच. केस विंचरताना मान खाली घेऊन डोकं हातापाशी आणते.

निळा तिने जवळजवळ वर्षभर ऐकला नाही. मग एकदा ती आपण होऊन मागे लागली, आणि आम्ही एक एक गाणं करून तो परत घरात आणला. पहिलं, दुसरं, तिसरं. सातवं, आठवं. पाचवं मात्र तिला चालत नाही. लावलं की तिचा हात आपोआप पुढे पळतो आणि ती उठून जाते. त्याचं काय करायचं ते आम्हाला कळलेलं नाही.

परवा मी तिला विचारलं, "तुला अजून राग येतो त्याचा?"

ती लसूण सोलत होती. "जास्त काम करून घेतलं त्याचा नाही येत एवढा," ती म्हणाली. "तोंडावर सांगून जास्त काम करून घेणारे मी पुष्कळ बघितले. त्यांच्याशी भांडता येतं. याने मला काय आवडतं ते आधी बघून घेतलं, आणि तिथून आत शिरला. आता कुणी माझ्या आवडीचं विचारलं ना, की मी सांगतच नाही. सांगायच्या आधी दोनदा बघते, हा का विचारतोय." तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "हे असं व्हायला नको होतं माझं. मी अशी नव्हते."